शॉकअपचं सील बदललं तरी तेल गळतंच: किनारपट्टीवरच्या जुन्या मोटरसायकलसाठी

लक्षणं

शॉकअपच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या, चकचकीत पाइपावर, डस्ट सीलच्या (तेल अडवणाऱ्या सीलच्या वर बसणाऱ्या, धूळ अडवणाऱ्या रबरी कडीच्या) जरा वर, तेलाची ओली कडी दिसते. बोट फिरवलं की काळपट चिकट थर बोटाला येतो. गाडी रात्रभर उभी राहिली की तेलाचा ओघळ बॉटमवरून, म्हणजे खालच्या ॲल्युमिनियमच्या नळीवरून, थेट एक्सलपर्यंत उतरतो आणि त्यावर तांबडी माती बसून पुटं धरतात. पुढचा ब्रेक दाबला की गाडीचं तोंड एकदम खाली जातं. खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा 'खट्ट' आवाज येतो. गतिरोधक ओलांडला की पुढचं चाक एकदा दबून शांत व्हायला हवं, ते दोन-तीनदा वरखाली होत राहतं. महिनोन्महिने असंच चाललं तर पुढचा टायर जागोजागी खोलगट झिजलेला दिसतो.

यातलं एक लक्षण दिसलं की बाकी काही वाचायच्या आधी गाडी थांबवा: डिस्कवर किंवा कॅलिपरवर (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागावर) तेल उतरलेलं असणं. तेल लागलेली डिस्क उतारावर ऐनवेळी पकडत नाही. परशुराम घाटात किंवा आंबा घाटात ते कळून काही उपयोग नाही. अशी गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्या. तेल प्यायलेले ब्रेक पॅड बदलावेच लागतात. पेट्रोलमध्ये धुऊन किंवा आगीवर धरून ते पुन्हा नीट होत नाहीत, कारण तेल पॅडच्या आत मुरलेलं असतं आणि गरम झाल्यावर परत वर येतं. ड्रम ब्रेकच्या गाड्यांत हा धोका कमी, पण ओघळ ब्रेकच्या प्लेटपर्यंत पोचला असेल तर लायनर उघडून बघाच.

सील पुन्हा पुन्हा का जातं

कोकणात गुहागर, दाभोळ, जयगड या पट्ट्यातल्या गाड्यांवर मी हे काम वर्षानुवर्षं करत आलोय. येणारा प्रत्येक जण साधारण हेच म्हणतो: 'मे महिन्यात तर सील घातलं, गणपतीला परत गळायला लागलं.' मग दोष सीलच्या कंपनीवर जातो, नाहीतर आधीच्या मेकॅनिकवर. किनाऱ्यावरच्या बहुतेक गाड्यांत खराबी पाइपात असते. सील फक्त ती बाहेर दाखवतं.

पाइप लोखंडाचा असतो आणि त्याच्यावर कठीण क्रोमचा मुलामा असतो. हा थर माणसाच्या केसाहूनही पातळ असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा मुळातच असतात. खाऱ्या हवेतली ओल त्या भेगांतून लोखंडापर्यंत जाते, आत गंज धरतो, गंज फुगतो आणि क्रोमचा टवका वर उचलतो. तिथे एक बारीक खड्डा पडतो, त्याची कड धारदार असते. शॉकअप प्रत्येक खड्ड्यात वरखाली होताना सीलचा रबरी ओठ त्या कडेवरून घासला जातो, खवणीवर खोबरं घासावं तसा. नवं सील अशा पाइपावर घातलं तर तेही तितक्याच वेगाने जाणार.

वर आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, जांभ्याची माती बारीक आणि करकरीत असते, आणि कितीतरी गाड्या रोज फेरीबोटीतून खाडी ओलांडतात. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीत गाडी पुढच्या फळीजवळ उभी असली की खाऱ्या पाण्याचे शिंतोडे नेमके पुढच्या चाकावर आणि शॉकअपवर येतात. पुळणीवरून गाडी पळवणाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

एक प्रकार मात्र मुद्दाम सांगतो, कारण तो ओळखायला सोपा आहे. मुंबईतल्या चाकरमान्यांची गाडी गावच्या घरी पडवीत उभी असते. शिमग्याला चालवलेली, ती गणपतीला परत निघते. मधल्या महिन्यांत डस्ट सीलच्या ओठावर साठलेलं पाणी पाइपाला एकाच जागी धरून राहतं आणि तिथे गंजाची गोल कडी उमटते. गणपतीत पहिल्याच फेरीला ती कडी सीलमधून आतबाहेर होते आणि दोन दिवसांत तेल बाहेर. म्हणून बरेच दिवस उभी असलेली गाडी सुरू करायच्या आधी पाइपाकडे बघा. कडी दिसली तर ती साफ केल्याशिवाय शॉकअप दाबूसुद्धा नका.

आधी बिनपैशाची तपासणी

पहिलं काम गोड्या पाण्याने धुणं. पाइप, डस्ट सील, बॉटम, एक्सल, सगळं धुऊन सुक्या फडक्याने कोरडं पुसा आणि रोजच्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटर जाऊन या. आता तेल कुठून येतंय ते बघा. हे करायचं कारण असं की पुढच्या चाकाजवळ तेलकट दिसणारं सगळंच शॉकअपचं नसतं. डस्ट सीलच्या वर कडी आली तर सील. एक्सलजवळ, बॉटमच्या अगदी बुडातून थेंब येत असेल तर तिथल्या ॲलन बोल्टखालचा तांब्याचा वॉशर गेलाय, सील शाबूत असू शकतं. कॅलिपरच्या बाजूने ओल येत असेल तर ते ब्रेक ऑइल असण्याची शक्यता जास्त. शंका वाटली तर तो थेंब वाटीभर पाण्यात सोडा. शॉकअपचं तेल वर तरंगतं, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. ब्रेक ऑइल निघालं तर हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी ब्रेकच्या कामाला द्या.

दुसरं, 'खट्ट' आवाजाची शहानिशा. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचला आणि बॉटमची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी खेळ जाणवला तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, सैल आहे. चाक आडवं हलवल्यावर खेळ आला तर चाकाचं बेअरिंग. हे दोन्ही दोष शॉकअपच्या नावावर खपतात. सैल कोनसेटवर नवं सील घातलं तर आवाज जाणार नाही आणि पैसे मात्र जातील.

तिसरं म्हणजे मडगार्ड, आणि याच्याकडे फार कमी लोक बघतात. जुन्या गाड्यांत पत्र्याच्या मडगार्डची पट्टी दोन्ही बॉटमना एकमेकांशी बांधून ठेवते. आपल्या हवेत ती पट्टी बोल्टच्या भोकापाशी गंजून तुटते, आणि मग खड्ड्यात एक पाय आधी दबतो, दुसरा मागून. पाइप सीलमध्ये तिरका जातो आणि सील एकाच बाजूने झिजतं. पट्टी तुटली असेल तर आधी ती वेल्डिंग करून घ्या किंवा मडगार्ड बदला.

याच जातीचा दुसरा दोष पंक्चरनंतर येतो. चाक बसवताना शॉकअप पिळलेल्या अवस्थेत एक्सल आवळला जातो. यावर उपाय असा: एक्सलचं नट आणि खालच्या टीचे बोल्ट सैल करा. टी म्हणजे दोन्ही पाइप धरून ठेवणारा आडवा भाग. वरच्या टीला हात लावू नका, पाइप निसटायला नकोत. गाडी जमिनीवर उभी करून पुढचा ब्रेक धरा आणि हँडलवर भार देऊन शॉकअप काही वेळा जोरात दाबा. पाय आपापल्या जागी बसतात. मग आधी एक्सल, नंतर टीचे बोल्ट आवळा. पाव तासाचं काम आहे, आणि शॉकअप अडकत अडकत चालत असेल तर फरक लगेच कळतो.

एक्सरेच्या पट्टीचा उपाय

गळती नुकतीच सुरू झाली असेल आणि पाइप हाताला गुळगुळीत लागत असेल तर सीलच्या ओठाखाली मातीचा कण अडकलेला असू शकतो. चिखलातून आल्यावर गाडी तशीच वाळू दिली की हे होतंच. डस्ट सील डिसमिसने हळूच वर उचका, पाइपावर ओरखडा न येऊ देता. जुन्या एक्सरे फिल्मची दोन बोटं रुंद पट्टी कापा आणि तिच्या टोकाला बारीक खाच ठेवा. ही पट्टी पाइपाला चिकटवून सीलच्या आत सरकवा, पाइपाभोवती पूर्ण फिरवा आणि बाहेर ओढा. माती आणि काळं तेल तिच्यासोबत येतं. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत करा. शॉकअप दाबून पुसा, पुन्हा बघा. पत्र्याची पट्टी किंवा ब्लेड वापरू नका, ओठ कापला जातो.

याने गळती थांबली तर उत्तम. पंधरा दिवसांत परत आली तर सील झिजलंय, पुढे जायला हवं.

पाइप वाचणं

सील विकत आणायच्या आधी पाइप तपासा. साऱ्या कामातली ही सर्वात महत्त्वाची पायरी आहे. पाइप पुसून त्यावरून कापसाचा बोळा वरपासून खालपर्यंत सगळ्या बाजूंनी फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे खड्डा आहे. मग तिथे नख फिरवा. नख अडकलं नाही, फक्त डाग दिसला, तर पाइप वाचतो. नख अडकलं तर विचार करावा लागेल.

खड्डा कुठे आहे यालाही महत्त्व आहे. सीलचा ओठ पाइपाच्या ठराविक पट्ट्यातच फिरतो. पाइपावर बारीक दोरा डस्ट सीलला टेकवून सैलसर बांधा आणि रोजच्या रस्त्याने चालवून या. दोरा वर ढकलला जाऊन जिथे थांबतो तिथपर्यंत शॉकअप दबतो. त्याच्या खालचे खड्डे सीलला मारतात. त्याच्या बऱ्याच वरचे गंजाचे ठिपके दिसायला वाईट असले तरी गळतीला कारण नसतात. खालच्या टीच्या आत झाकलेला भाग मात्र वेगळा. तिथे गंजाने लोखंड खाल्लं असेल तर प्रश्न तेलाचा उरत नाही, पाइप मोडण्याचा होतो. तिथेच सगळा ताण येतो. अशा पाइपाला कुठलाही उपाय करत बसू नका, नवा घाला.

ज्या गाड्यांच्या पाइपावर घड्यांचे रबरी बूट असतात, त्यांचे बूट वर सरकवून बघितल्याशिवाय 'पाइप चांगला आहे' म्हणू नका. बूट धूळ अडवतात हे खरं, पण फाटलेल्या बुटात पाणी शिरलं की ते तिथेच राहतं. बाहेरून झकास दिसणारा पाइप आत पूर्ण तांबडा झालेला असतो.

उथळ, मोजकेच खड्डे असतील तर मी हे करतो: पाइप थिनरने पुसून तेलमुक्त करायचा, खड्ड्याची उभी राहिलेली कड बारीक ऑइलस्टोनने (धार लावायच्या दगडाने) बसवायची, खड्ड्यात दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद भरायचा, पूर्ण एक दिवस वाळू द्यायचा, मग १००० आणि शेवटी २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून सपाट करायचा. पेपर पाइपाभोवती आडवा फिरवा. वरून खाली घासलंत तर उभे ओरखडे पडतात आणि तेलाला बाहेर यायला आयती वाट मिळते. गोंदाचा उपाय एखादा पावसाळा काढून देतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. खड्डे झुंडीने असतील तर हे करण्यात वेळ घालवू नका.

आतलं तेल काय सांगतं

तेल काढायचा स्क्रू बॉटमच्या खालच्या भागात असेल तर तो खोलून दोन्ही पायांचं तेल वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या. जुन्या काही गाड्यांना हा स्क्रू नसतो, तिथे शॉकअप उतरवूनच तेल काढावं लागतं. एका बाटलीत बरंच कमी निघालं तर गळका पाय सापडला. राखाडी, दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेलंय. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने डस्ट सीलवर थेट धुतलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात बुडालेल्या गाड्यांची इंजिनं लोकांनी तातडीने साफ करून घेतली, पण शॉकअपचं तेल तसंच राहिलेल्या गाड्या नंतर माझ्याकडे आल्या, तेव्हा आतली स्प्रिंग आणि डँपर रॉड (शॉकअपची उसळी आवरणारी आतली दांडी) गंजले होते. गाडी चाकाच्या वर पाण्यात गेली असेल तर शॉकअपचं तेल बदलणं टाळू नका.

तेलात चकाकणारी पूड दिसली तर बुश (पाइप ज्यात सरकतो ती आतली कडी) किंवा बॉटमची आतली भिंत झिजतेय. अशा बॉटममध्ये पाइप डुलतो, आणि डुलणाऱ्या पाइपावर सील टिकत नाही.

शॉकअप उघडणं

इथून पुढे हत्यारं आणि अर्धा दिवस लागतो. मेन स्टँडवर गाडी घेऊन इंजिनखाली लाकडी ओंडका द्या. जांभ्याचा चिरा ठेवू नका, वजनाने त्याचा कोपरा फुटतो आणि गाडी तुमच्या अंगावर येते.

उघडण्याचा क्रम पाळा. पाइप टीमध्ये आवळलेला असतानाच, वरच्या टीचा बोल्ट जरा सैल करून पाइपाच्या तोंडावरचा टॉप नट अर्धा फेरा ढिला करा. पाइप बाहेर काढल्यावर तो धरायला जागा नसते आणि लोक त्याला पक्कडीने धरून क्रोम खराब करतात. त्याचप्रमाणे बॉटमच्या बुडातला ॲलन बोल्ट स्प्रिंग आत दबलेली असतानाच सैल करा. हा बोल्ट आतल्या डँपर रॉडमध्ये जातो. स्प्रिंगचा दाब रॉडला घट्ट धरून ठेवतो. स्प्रिंग काढून टाकली की रॉड बोल्टाबरोबर गरागरा फिरतो आणि काम अडकतं. बोल्टच्या डोक्यातली माती तारेने उकरून काढा, ॲलन की पूर्ण आत बसतेय ना बघा. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममधून जातो, मधे खारं पाणी, म्हणजे गंजून तो जाम झालेला असणारच. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडून ठेवा.

टॉप नट शेवटचे आटे सोडताना वरून हाताने दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवा. स्प्रिंग दबलेली असते, नट उसळतो. डोळ्यावर चष्मा हवा.

आतलं तेल बाहेर ओतून झालं की डस्ट सील काढा. त्याखाली तारेचं लॉक असतं. आपल्याकडे हे लॉक खाचेत गंजून एकजीव झालेलं असतं. त्याला मोडून काढावं लागलं तरी चालेल, खाचेची कड मोडू देऊ नका. खाच तुटली तर नवं लॉक धरणार नाही आणि सील तेलाच्या दाबाने वर येईल. लॉक निघालं की बॉटमच्या तोंडावर बाहेरून उकळतं पाणी ओता. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे सीलची पकड सैल होते. वरचा बुश असलेल्या शॉकअपमध्ये पाइप झटके देऊन ओढला की बुश आणि सील सोबत निघतं. छोट्या, जुन्या गाड्यांत बहुधा असा बुश नसतो. तिथे पाइप आधी बाहेर येतो आणि सील मागाहून उचकावं लागतं. उचकताना पान्याखाली लाकडाचा तुकडा द्या, बॉटमची कड दबू देऊ नका.

सगळे भाग डिझेलने धुवा, कोरडे करा. दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या करून उंची ताडून बघा आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाशी जुळवा. पाइप जाड सपाट काचेवर लोळवा. पाइप आणि काचेत प्रकाशाची फट उघडझाप होत असेल तर पाइप वाकलाय. बहुतेक मॅन्युअलमध्ये वाकण्याची मर्यादा ०.२ मिलिमीटर असते. ती मोजायला डायल गेज लागतो, तो लेथवाल्याकडे असतो.

नवं सील घेताना जुन्यावर कोरलेले तीन आकडे बघा, समजा ३१-४३-१०.५. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची, मिलिमीटरमध्ये. तिन्ही जुळलेच पाहिजेत. 'थोडं उन्नीस-बीस चालतं' असं दुकानदार म्हणाला तर दुसरं दुकान बघा. दोन्ही पायांची सीलं, लॉक, डस्ट सील आणि बुडाचे तांब्याचे वॉशर एकदमच घ्या. एका पायाचं नवं आणि दुसऱ्याचं जुनं ठेवलं तर महिन्याभरात हेच सगळं परत उघडावं लागतं.

बसवताना पाइपाच्या टोकावर दुधाच्या पिशवीचा तुकडा तेल लावून घाला आणि सील त्यावरून सरकवा. पाइपाच्या कडेवर नव्या सीलचा ओठ चिरला जाण्यापासून हा तुकडा वाचवतो. सीलच्या ज्या बाजूला आत बारीक गोल स्प्रिंग दिसते ती बाजू खाली तेलाकडे, आकडे कोरलेली बाजू वर. सीलवर जुनं सील उलटं ठेवा आणि पाण्याच्या पीव्हीसी पाइपाच्या योग्य व्यासाच्या तुकड्याने सरळ ठोकत बसवा. लॉकची खाच पूर्ण उघडी दिसली की सील बसलं. लॉक घातल्यावर ते सगळीकडून खाचेत गेलंय याची बोटाने खात्री करा. सील आणि डस्ट सीलच्या मधल्या पोकळीत पाण्याला न धुपणारं ग्रीस भरा. गाडी किनाऱ्यावर चालणार असेल तर हा थर टाळूच नका, खारं पाणी तिथेच साठतं. बुडाच्या ॲलन बोल्टला नवा वॉशर आणि मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा.

तेल किती आणि कोणतं

इथे सर्वात जास्त चुका होतात. शॉकअपच्या आत तेलाच्या वर हवेची पोकळी असते आणि शॉकअप दबला की ती हवा स्प्रिंगसारखं काम करते. गाडी मऊ वाटते म्हणून तेल जास्त भरलं की हवेला जागा उरत नाही, दाब प्रचंड वाढतो आणि नवं सील आतून बाहेर ढकललं जातं. इंजिनचं २०डब्ल्यू-४० तेलही घालू नका. ते जाड असतं, शॉकअप छोट्या खड्ड्यांना दाद देत नाही आणि सगळा हादरा कोनसेट खातो. बहुतेक जुन्या गाड्यांना १० ग्रेडचं शॉकअप ऑइल चालतं. १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत एका पायाला साधारण १५० ते २०० मिलिलिटर लागतं, पण नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मोठ्या सिरिंजने मोजून भरा. मग पाइप वरखाली दाबत हवा काढा, थोडा वेळ थांबा. स्प्रिंग न घालता, पाइप पूर्ण खाली दाबलेला असताना, माडाचा हीर आत सोडून पाइपाच्या तोंडापासून तेल किती खाली आहे ते बघा. दोन्ही पायांत ही खूण एका जागी यायला हवी. मी आकड्यापेक्षा या खुणेवर जास्त विश्वास ठेवतो, कारण आत भिंतींना जुनं तेल थोडंफार राहिलेलंच असतं.

बसवून झाल्यावर एक्सल मघाशी सांगितल्याप्रमाणे, शॉकअप दाबून पाय सरळ करूनच आवळा. शंभर किलोमीटरनंतर टीचे बोल्ट, एक्सल आणि टॉप नट पुन्हा तपासा.

कुठे थांबायचं

बुडाचा ॲलन बोल्ट गोल झाला किंवा नुसता फिरत राहिला तर ग्राइंडर हातात घेऊ नका. रॉड आतून धरायचं हत्यार गॅरेजमध्ये असतं. टीला किंवा बॉटमला तडा दिसला, गाडीची धडक झालेली असेल, किंवा हँडल सरळ असताना चाक एका बाजूला बघत असेल तर पाइपाबरोबर टी आणि चॅसिसचं तोंडही तपासावं लागतं. ते घरी होत नाही. वाकलेला पाइप हातोडीने किंवा झाडाच्या बेचक्यात घालून सरळ करणारे लोक अजून आहेत. लोखंड एकदा असं वाकवून सरळ केलं की त्या जागी ते कमजोर होतं. सुरकुती पडलेला पाइप कितीही सरळ दिसला तरी भंगारात द्या. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने दुसऱ्याच मॉडेलचे शॉकअप बसवले असतील आणि माप जुळत नसेल, तर जाणत्याला दाखवूनच पुढचा खर्च करा.

खड्ड्यांनी भरलेल्या पाइपाला दोन वाटा आहेत. हिरो होंडा स्प्लेंडरसारख्या, सगळीकडे दिसणाऱ्या गाडीला नवा पाइप सहज मिळतो आणि तोच परवडतो. यामाहा आरएक्स १०० सारख्या गाडीचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. तिला बाजारात मिळणारे नकली पाइप कधी मापात असतात, कधी नसतात. मूळ पाइप सरळ असेल तर तो हार्ड क्रोम करून घेणं मला बरं वाटतं. हे काम कोल्हापूर, पुण्याकडच्या औद्योगिक वसाहतींत होतं. देताना 'हार्ड क्रोम आणि नंतर ग्राइंडिंग, मूळ व्यासापर्यंत' असं कागदावर लिहून द्या, सोबत जुनं सील मापासाठी पाठवा. शोभेचं क्रोम करणारा तुमचा पाइप आरशासारखा चमकवून देईल, पण तो थर सीलखाली टिकत नाही. पाइप परत आला की बसवण्याआधी व्हर्नियरने तीन-चार जागी व्यास मोजून घ्या. मापात फरक असेल तर तो तसाच परत पाठवा.